पट्टी निळी काहून झाली

भूमिका रेवतकरने बनवलेल्या पट्टीने नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात ज्या गाड्या लकडगंजच्या गोदामातून परत पाठवल्या, त्यांत एक गाडी तिच्या बापाची होती.

तिला हे आईच्या फोनवरून कळलं. दुपारची वेळ होती. विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात, तिसऱ्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेत ती काचेच्या चंबूतलं पाणी ढवळत उभी होती.

"काय वं, तुह्या त्या कागदानं बापूजीचा माल नापास केला म्हनते," रुखमाबाई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. ताटात केस निघाल्यावर माणूस बोलतं तसा तो आवाज होता. "अख्खी गाडी परत आली. गावात सगळे इचारून राहिले."

"बापूजी काय म्हणतात?"

"काही म्हनत नाई. दुपारी जेवले बी नाई."

भूमिकेने गॅस बंद केला आणि स्टुलावर बसली. आपल्या बापाने फवारलं असणार, हा तिच्या मनात आलेला पहिला विचार होता. त्या विचाराची लाज तिला पुढे बरेच दिवस पुरली.

पट्टी म्हणजे बोटाएवढा कागद. त्यावर एक लाल ठिपका. तो लाल रंग सोन्याचा. सोनं इतकं बारीक केलं, की एका केसाच्या जाडीत त्याचे हजारो कण मावतील, तर ते पिवळं दिसत नाही, डाळिंबाच्या दाण्यासारखं लाल दिसतं. जोवर हे कण एकमेकांपासून दूर असतात तोवर रंग लाल. संत्र्याच्या सालीवर कीटकनाशक राहिलं असेल, तर त्याच्या संगतीने कण एकमेकांना चिकटतात आणि ठिपका जांभळट निळा होतो. सालीची एक चकती कापायची, सोबतच्या बाटलीतल्या आंबट द्रवात चुरायची, थेंब टाकायचा. पाच मिनिटांत निकाल. ज्या तपासणीला मोठ्या यंत्रावर आठवडा लागायचा, ती गोदामाच्या दारात उभ्या-उभ्या. भूमिकेची चार वर्षं त्यात गेली होती. तिचे मार्गदर्शक मधुसूदन सर यांनी ती पट्टी दिवाळीआधी लकडगंजला गोदाम असलेल्या एका फळनिर्यात कंपनीला दिली. वर्तमानपत्रात फोटो आला. फोटोत सर मध्ये होते आणि भूमिका कडेला, पण ती खूश होती.

शनिवारी ती एसटीने नरखेडला उतरली आणि तिथून गावच्या जीपने मळ्यावर गेली. बापूजी विहिरीपाशी मोटारीचा फूटव्हॉल्व्ह काढून बसले होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

"बापूजी, खरं सांगा. शेवटची फवारणी कधी केली?"

बापूजींनी हातातला पाना खाली ठेवला. हात धोतराला पुसले. मग ते म्हणाले, "ऑगस्टात केली होती, पोया झाला तवा. त्याच्यानंतर औषधाची बाटली हातात घेतली नाई. तुनंच सांगतलं होतं ना, तोडनीच्या आधी इतके दिवस मारू नका म्हनून? म्या कॅलेंडरावर खून केली हाये. जा, पाह्य घरात."

"मग पट्टी निळी कशी झाली?"

"थे मले काहून इचारतं? पट्टी तुही हाये. तिले इचार."

भूमिकेने पिशवीतून पट्ट्यांचा डबा, बाटली आणि कात्री काढली. समोरच्या झाडाचं एक संत्रं तोडलं, विहिरीच्या कठड्यावर बसून साल चुरली आणि थेंब टाकला. बापूजी पाठमोरे होते, पण त्यांचे कान इकडेच होते हे तिला कळत होतं. तीन मिनिटांत ठिपका निळा झाला.

दुसऱ्या झाडाचं फळ निळं निघालं. तिसऱ्याचंही. चौथं संत्रं तिने हातात फिरवलं तेव्हा देठाजवळ फिकट निळसर पांढरे डाग दिसले, चुन्याचे शिंतोडे उडावेत तसे. तिने नखाने एक डाग खरवडला.

"हे काय आहे, बापूजी?"

"बोर्डो हाये थे. मोरचूद न चुना. यंदा पानी थांबलंच नाई, फळ गळून राहिलं होतं. आभाळ उघडलं का मारलं. समद्या गावानं मारलं." थोडं थांबून ते म्हणाले, "त्याले कोनी औषध म्हनते का? आपला आजा बी मारे."

भूमिका उठली. "ते ड्रम कुठं आहे?"

निळं ड्रम गोठ्यामागे उपडं पडलं होतं. तळाशी वाळलेला पापुद्रा होता. तिने चिमूटभर पापुद्रा आंबट द्रवात टाकला, हलवला, आणि एक थेंब नव्या पट्टीवर सोडला. पाच मिनिटं लागलीच नाहीत. ठिपका बघता बघता निळा झाला.

मोरचूद म्हणजे तांबं. आंबट द्रवात तांबं विरघळतं, आणि विरघळलेलं तांबं सोन्याच्या कणांना तसंच एकत्र आणतं जसं कीटकनाशक आणतं. पट्टीला दोघांतला फरक कळत नव्हता. तिने सगळ्या तपासण्या केल्या होत्या त्या फेब्रुवारी-मार्चच्या मृग बहाराच्या फळांवर. कोरड्या हवेत बोर्डो मारायचं कोणाला कारणच नसतं. म्हणून हे कधी समोर आलं नव्हतं.

"बोर्डो सगळ्या झाडांना मारलं होतं का?"

"धुऱ्याच्या ओळीले पुरलं नाई. बाराएक झाडं राहिली."

धुऱ्याच्या, म्हणजे बांधाकडच्या ओळीतली तिने सहा फळं तपासली. सहाही पट्ट्या लाल राहिल्या. त्या पट्ट्या ती बापूजींपुढे घेऊन गेली. त्यांनी एकेक पट्टी उन्हात धरून पाहिली, परत दिली, आणि मोटारीकडे वळले.

"चुकलं माझं," भूमिका म्हणाली.

"हौ," बापूजी म्हणाले. एवढंच.

सोमवारी सकाळी ती सरांच्या खोलीत गेली. मधुसूदन सर काही वाईट माणूस नव्हते. वसतिगृहाची फी भरायची राहिली तेव्हा त्यांनी कुलसचिवांना स्वतः फोन केला होता, तिचा पहिला शोधनिबंध रात्री जागून सुधारला होता. त्यांनी पट्ट्या पाहिल्या, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "तांब्याचा अडथळा. चांगलं सापडलं तुला. यावर स्वतंत्र निबंध होईल."

"सर, पण गोदामात आजही हीच पट्टी चालू आहे."

"मग तोडगा काढ. ईडीटीए घालून बघितलंस?"

तिला तोडगा माहीत होता. ईडीटीए हा असा क्षार आहे की तो तांब्याला मिठी मारून बसतो, त्याला सोन्यापर्यंत जाऊच देत नाही. दोन दिवस तिने फक्त तेच केलं. चाळीस पट्ट्या. आधी द्रवात ईडीटीए, मग थेंब. बोर्डोवाली फळं लाल राहिली. मुद्दाम कीटकनाशक लावलेली फळं निळी झाली. बुधवारी तिने निकालांचा कागद सरांच्या टेबलावर ठेवला.

सरांनी तो वाचला आणि घडी केली. "छान. मार्चमध्ये पट्टीची नवी आवृत्ती काढू, त्यात हे घालू."

"मार्चपर्यंत हा सगळा आंबिया बहार, हे आत्ताचं पीक संपेल, सर. कंपनीला आजच सांगायला हवं."

"काय सांगायचं? की आम्ही दिलेली वस्तू चुकते? भूमिका, वीस तारखेला पट्टीचं काम बघायला मुंबईहून समिती येतेय. हा पूर्ण विभागाचा प्रकल्प आहे. आत्ता बोभाटा झाला तर लोक पट्टीवरच काय, अशा कुठल्याच तपासणीवर विश्वास ठेवणार नाहीत."

"लोक आत्ताच ठेवत नाहीत, सर. ज्यांचा माल परत गेला त्यांना ठाऊक आहे त्यांनी काय फवारलं आणि काय नाही. माझ्या घरीच..."

"तेच म्हणतोय मी," सर मध्येच म्हणाले. "तुझ्या वडिलांचा माल परत आला, आणि आठवड्याभरात तुला पट्टीत दोष सापडला. उद्या कोणी हे बोललं तर तू काय उत्तर देशील? जरा संशोधकासारखा विचार कर, शेतकऱ्याच्या मुलीसारखा नको."

भूमिकेचे कान तापले. ती शांतपणे म्हणाली, "म्हणूनच या चाळिसांत आमच्या मळ्याचं एकही फळ नाही. काटोलच्या बाजारातून आणलीत. आणि सर, मी शेतकऱ्याची मुलगी नसते तर ड्रमच्या तळाशी काय आहे हे बघायला गेलेच नसते."

"माझ्या परवानगीशिवाय तू कंपनीशी बोलायचं नाहीस," सर म्हणाले. "हे मी मार्गदर्शक म्हणून सांगतोय."

ती "बरं" म्हणाली नाही. "नाही" पण म्हणाली नाही. दार ओढून घेऊन बाहेर पडली.

संध्याकाळी वसतिगृहात खोलीतली मैत्रीण वैभवी तिला म्हणाली, "एक वर्ष राहिलंय तुझं. तोंड मिटून काढ ना." भूमिकेला ते पटलंसुद्धा. पण झोपेपर्यंत ती मनातल्या मनात मोजत बसली, उद्या किती गाड्या येतील, परवा किती. आणि तिला कळून चुकलं की हे मोजणं मार्चपर्यंत थांबणार नाही.

गुरुवारी सकाळी दहा वाजता ती लकडगंजला गेली. लाकडाच्या वखारी ओलांडल्या की कंपनीचं गोदाम लागायचं. दारात सात-आठ पिकअप उभ्या होत्या. टेबलामागे कंपनीचा तपासणी अधिकारी गौरांग बसला होता, तिशीतला, इस्त्रीच्या शर्टातला, शेतकऱ्यांशी अदबीने बोलणारा. त्याच्यासमोर एक बाई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. वय पन्नासच्या पुढे, डोक्यावर पदर, पायात बूट.

"मले एकडाव सांगा साहेब, ही निळी काहून झाली?"

"यमुताई, ते मी कसं सांगू? पट्टी विद्यापीठाची आहे. निळी झाली की माल घेता येत नाही, एवढंच मला माहीत आहे."

"मी सांगते," भूमिका म्हणाली.

दोघांनी वळून पाहिलं. तिने पिशवी टेबलावर ठेवली. "माझं नाव भूमिका रेवतकर. ही पट्टी मी बनवली आहे. ती चुकतेय. काकू, तुम्ही पावसानंतर बोर्डो मारलं होतं का?"

"मारलं ना. कोन नाई मारलं?"

आजूबाजूचे शेतकरी जवळ सरकले. गौरांग उभा राहिला. "मॅडम, तुमच्या विभागाचं पत्र आहे का?"

"पत्र नाही. पट्ट्या आहेत. दहा मिनिटं द्या. मग हवं तर मला बाहेर काढा."

गौरांगने घड्याळाकडे पाहिलं, मग रांगेकडे. बहुधा रांगेकडे पाहूनच तो खाली बसला.

भूमिकेने पहिल्या पट्टीवर नुसता आंबट द्रव टाकला. ती लाल राहिली. दुसरीवर घरून आणलेल्या मोरचूद-चुन्याचा, त्याच द्रवात पातळ केलेला थेंब. ती निळी झाली. लोकांत कुजबुज सुरू झाली.

गौरांग पुढे वाकला. "पण मॅडम, मोरचूद निळंच असतं. कागद निळा दिसणारच की."

प्रश्न बरोबर होता आणि तिला तो आवडला. तिने पिशवीतून साधा कोरा कागद काढला, सोनं न लावलेला, आणि तोच थेंब त्यावर टाकला. कागद ओला झाला, पांढराच राहिला. "इतक्या पातळ मोरचुदाचा रंग डोळ्याला दिसत नाही. निळं होतंय ते सोनं. आता ही बाटली बघा. याच द्रवात मी एक क्षार घातलाय, तो तांब्याला धरून ठेवतो. काकू, तुमच्याच क्रेटमधलं फळ द्या."

यमुताईंनी वरचं नाही, तळातलं फळ काढून दिलं. भूमिकेने साल चुरली, थेंब टाकला. पाच मिनिटं झाली. ठिपका डाळिंबी राहिला. यमुताईंनी पट्टी उचलून गौरांगच्या डोळ्यांसमोर धरली आणि तशीच धरून ठेवली.

"माझंही करा," मागून एक जण पुढे आला. विक्रम नावाचा तरणा शेतकरी. मघापासून सगळ्यात मोठ्याने तोच बोलत होता. "दोन गाड्या परत नेल्या मी. हे लोक आपल्याले चोर समजून राहिले. मॅडम आपल्या हायेत, दूध का दूध होऊन जाऊ द्या."

त्याच्या फळाची पट्टी नव्या द्रवातही निळी झाली. भूमिकेने दुसरं फळ घेतलं, मग तिसरं. तिन्ही निळी.

सगळे तिच्याकडे पाहत होते. "दादा, यात बोर्डो नाही दिसत. यात कीटकनाशक आहे. शेवटचं कधी मारलं?"

विक्रमचा चेहरा उतरला. "तुम्ही आमच्याच तालुक्याच्या ना, मॅडम?"

"आहे. कधी मारलं?"

"...मागच्या सोमवारी," तो क्रेटकडे पाहत म्हणाला. "कोळशी लय झाली होती, पानं काळी पडून राहिली होती."

"मग हे फळ कोणाच्या लेकराला देऊ नका. झाडावर जे आहे ते पंधरा-वीस दिवस राहू द्या, मग पुन्हा तपासू."

कोणीतरी मागून म्हणालं, "हे काय, मदत करायले आली का मारायले?" भूमिका त्या आवाजाकडे वळली. "पट्टी खोटी बोलली म्हणून मी इथं आले. आता ती खरं बोलतेय, तर मी तिला गप्प करू का?" ती जागची हलली नाही. यमुताई त्या माणसाला म्हणाल्या, "बस गा. बरोबर बोलून राहिली थे."

विक्रमच्या त्या निळ्या पट्ट्यांमुळे गौरांगला पटलं, हे भूमिकेच्या नंतर लक्षात आलं. सगळ्याच लाल निघाल्या असत्या, तर त्याने तिला शेतकऱ्यांची वकील म्हणून बाहेर घालवलं असतं. त्याने पुण्याच्या मुख्य कार्यालयाला फोन लावला आणि आत जाऊन पाऊण तास बोलला. बाहेर आला तेव्हा म्हणाला, "निळा आलेला कुठलाही माल आज परत जाणार नाही. शीतगृहात ठेवू. आतापर्यंत निळे आलेल्यांपैकी अकरा जणांचे नमुने मोठ्या यंत्रावर पाठवतो. निकाल तुमच्यासारखा आला तर तुमचा द्रव वापरू. नाही आला, तर मॅडम, मी तुमच्या सरांकडे लेखी तक्रार करणार."

"करा," भूमिका म्हणाली. "लेखीच करा."

तक्रारीची वाट पाहावी लागली नाही. सरांना दुपारीच कळलं होतं. दुसऱ्या दिवशी तिच्या हातात कारणे दाखवा नोटीस पडली: प्रकल्पाची गोपनीय माहिती परवानगीशिवाय बाहेर दिल्याबद्दल आपलं संशोधन का थांबवण्यात येऊ नये. सरांनी तिला खोलीत बोलावलं. ते थकलेले दिसत होते.

"माफीच्या दोन ओळी लिहून दे. मी मिटवतो. तुला मी मुलीसारखं वागवलंय."

"वागवलंय, सर. ते मी विसरणार नाही," भूमिका म्हणाली. "पण माफी कशाची लिहू? पट्टी चुकली याची मागायची असेल तर यमुताईंची मागेन, माझ्या वडिलांची मागितलीच आहे. चूक सांगितली याची नाही मागणार."

वसतिगृहात परतून तिने नोटिशीचं उत्तर लिहिलं. त्यात चाळीस पट्ट्यांचा तक्ता होता, ड्रमच्या तळाच्या पापुद्र्याची नोंद होती, स्वतःच्या वडिलांचा माल परत आल्याची नोंद होती, आणि शेवटी एक वाक्य: ही माहिती गोपनीय नव्हती, उशिरा सापडलेली होती. एक प्रत विभागाला दिली, एक कंपनीला आणि एक गावच्या ग्रामपंचायतीला.

मोठ्या यंत्राचा निकाल आठ दिवसांनी आला. अकरांपैकी नऊ जणांचं फळ स्वच्छ होतं. दोघांच्या फळात औषध होतं, एक विक्रम, दुसरा काटोलचा कोणी. कंपनीने दुसऱ्याच दिवसापासून नवा द्रव वापरायला घेतला. बापूजींची गाडी पुन्हा लकडगंजला गेली आणि सगळा माल उतरवून रिकामी परतली. रुखमाबाईने फोन करून सांगितलं. बापूजी स्वतः फोनवर आले नाहीत.

नोटिशीची सुनावणी डिसेंबरात झाली. टेबलापलीकडे तीन जण होते. मधोमध बसलेल्या उत्तरा मॅडम विद्यापीठातून निवृत्त झालेल्या होत्या, करड्या केसांच्या, मोजकं बोलणाऱ्या. त्यांनी तक्ता दोनदा वाचला.

"आकडे बरोबर आहेत," त्या म्हणाल्या. "पण शिस्त मोडलीत तुम्ही."

"हो, मॅडम."

"पुन्हा मोडाल?"

वैभवीने तिला बजावून पाठवलं होतं की इथे 'नाही' म्हणायचं. भूमिकेने तिघांकडे पाहिलं.

"आधी लेखी कळवीन. दोन दिवस वाट पाहीन. तिसऱ्या दिवशीही पट्टी खोटं बोलत असली, तर मोडीन."

उजवीकडच्या गृहस्थांनी मान हलवत काहीतरी लिहून घेतलं. उत्तरा मॅडमनी फाईल मिटली आणि तिला जायला सांगितलं.

निर्णय फेब्रुवारीत आला. तिच्या नोंदीत ताकीद. मधुसूदन सरांच्या हाताखालून नाव कमी. नवा मार्गदर्शक शोधायचा, म्हणजे निदान एक वर्ष वाढलं. वैभवी चिडली, म्हणाली, हे अन्यायाचं आहे, अपील कर. भूमिकेने पत्राची प्रत फाईलला लावली. अपील करणार होतीच ती, पण संध्याकाळी. आत्ता प्रयोगशाळेत तपासणीसाठी मृग बहाराची पहिली फळं आली होती, तीन तालुक्यांतून, प्रत्येक पोत्यावर चिठ्ठी बांधलेली: कुठलं गाव, काय मारलं, कधी मारलं. एका चिठ्ठीवर विक्रमचं नाव होतं आणि खाली पेनाने ठासून लिहिलेली तारीख. तिने बाह्या वर केल्या आणि त्याच पोत्यापासून सुरुवात केली.